प्रतिभा : देणगी की साधना?

“फादर, आमच्या अंगी ती देणगी नाही.” नाताळसाठी एखादे गीत रचा, सणाच्या स्मरणिकेसाठी दोन पाने लिहा, असे सुचविले की धर्मग्रामातील तरुणांकडून आम्हांला बहुधा हेच उत्तर मिळते. प्रतिभा जन्मतःच लाभते, शिकून येत नाही, अशी यामागची समजूत. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभ मात्र वेगळीच साक्ष देतो.

फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. येशूसंघीय म्हणून १५७९ साली ते गोव्यात उतरले, तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आसपास होते. येथील भाषा त्यांना मुळाक्षरांपासून शिकावी लागली. १५८३ साली भावाला धाडलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी जुळते, असे नोंदविले. म्हणजे कान तयार होऊ लागला होता. साष्टीच्या लोकांत राहून त्यांनी कोकणीचे व्याकरण सिद्ध केले. ते त्यांच्या निधनानंतर, १६४० साली रायतूर येथे छापले गेले. ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले ते १६१६ साली, आगमनानंतर तब्बल ३७ वर्षांनी!

सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ. ओवीचा साचा त्यांनी निर्माण केला नव्हता. तो ज्ञानदेव-एकनाथांच्या परंपरेचा. ‘वैकुंठ’ हा शब्दही येथलाच. परंतु उसन्या साच्यात त्यांनी तारणाची कथा ओतली आणि ती मराठी झाली. देवनागरी खिळ्यांची सोय नसल्याने ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला, तरी काम अडले नाही.

या निर्मितीमागे लोकांची भूकही होती. जुन्या पुराणांवर बंदी आल्याने नवख्रिस्ती श्रोत्याने दुसरे पुराण मागितले, असे ग्रंथातच येते. त्या बंदीचे शल्य आपल्या इतिहासात आहे. ते लपविण्यात अर्थ नाही. पण त्या मागणीला उत्तर देण्यासाठी एका परकीयाला आधी शिष्य व्हावे लागले, हे आम्हांला मोलाचे वाटते.

साधनेने प्रत्येक जण स्टीफन्स होईल, असे आम्ही म्हणत नाही. प्रभूच्या दाखल्यातही सर्वांना सारख्या मोहरा मिळाल्या नव्हत्या. दोष लागला तो थोडे मिळाले म्हणून नव्हे, तर मिळालेले पुरून ठेवले म्हणून. स्टीफन्सना परभाषेत लिहावे लागले. आपल्याला तर मराठी आईच्या मांडीवरच मिळाली आहे. येत्या सणाला निदान एक पान लिहून आणावे. पहिले पान कच्चे निघेल, दुसरे लिहावे.