फुप्फुसधमनीच्या दाबाची कुळकथा

अँटॉप हिलच्या वस्तीतला, वर्षानुवर्षांच्या खोकल्याने आणि धापेने जेरीस आलेला एखादा वृद्ध गिरणी कामगार परळच्या के. ई. एम. रुग्णालयात नेला जातो, तेव्हा 'टू-डी एको'च्या कागदावर फुप्फुसधमनीच्या दाबाचा जो आकडा नातलगांच्या हाती पडतो, त्याचे कुळ शोधू जाता ते थेट स्वीडनमधील माल्मोच्या जहाजकारखान्यापर्यंत पोहोचते.

जुनाट श्वसनविकारात फुप्फुसाच्या ज्या भागाला प्राणवायू अपुरा पडतो तेथील सूक्ष्म वाहिन्या आकसतात, कित्येक नष्टही होतात, आणि हृदयाची उजवी जवनिका त्या अडसराविरुद्ध रक्त लोटता लोटता अखेर थकते. हा दाब प्रत्यक्ष मोजण्याची वाट १९२९ मध्ये वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन वैद्याने, स्वतःच्या दंडातील शिरेतून नळी सरकवून व तशाच अवस्थेत क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत जाऊन, खुली केली. त्या धैर्यापुढे मस्तक लवते. पण प्रत्येक रुग्णाच्या हृदयात नळी कशी घालावी?

धातूतील भेगा हुडकणारे ध्वनियंत्र भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी माल्मोच्या त्या जहाजकारखान्यात पाहिले, आणि १९५३ मध्ये लुंड येथे हृदयवैद्य इंगे एडलर यांच्यासह त्याच जातीच्या यंत्राने धडधडत्या हृदयाचे प्रतिध्वनी टिपले. डॉप्लर यांचा १८४२ चा सिद्धांत त्याला जोडल्यावर रक्ताचा वेगही कळू लागला. आणि बर्नुली यांच्या १७३८ च्या प्रवाहशास्त्राचा आधार घेऊन, उजव्या जवनिकेतून त्रिदल झडपेवाटे उजव्या कर्णिकेत मागे फिरणाऱ्या धारेवरून दाबाचा अदमास बांधण्याची रीत पॉल योक व रिचर्ड पॉप यांनी १९८४ मध्ये मांडली. धारेचा वेग सेकंदाला ३ मीटर असेल, तर त्याच्या वर्गाची चौपट, म्हणजे पाऱ्याचे ३६ मिलिमीटर, आणि त्यात उजव्या कर्णिकेचा दाब मिळवायचा, असा हा हिशेब.

मात्र हवेने फुगलेले फुप्फुस ध्वनीची वाट अडवते. ज्यांना या परीक्षेची निकड सर्वाधिक, त्यांचीच धार पुष्कळदा नीट सापडत नाही. म्हणून कागदावर आकडा नाही याचा अर्थ दाब वाढलेला नाही, असा कोणीही बिनदिक्कत लावू नये; धाप वाढत असेल तर वैद्याला पुन्हा विचारावे. हौन्सफील्ड यांचे १९७१ पासून रुग्णांच्या सेवेत आलेले सीटी स्कॅन अशा वेळी महाधमनीशेजारी फुप्फुसधमनीची रुंदी ताडून पाहू देते, तरी फुप्फुस तंतुमय होऊन कडक झाले असता दाब वाढल्यावाचूनही ती रुंदावते. वाढलेल्या दाबाच्या निदानाची सीमा २०१८ मध्ये या विकारावरील जागतिक परिषदेत सरासरी दाबाच्या २५ वरून २० मिलिमीटरवर आणली गेली, आणि तो २० चा आकडा आजही नळी घालूनच मोजावा लागतो.