घेवड्याचा करपा : बियाण्यातून आलेला पाहुणा



घेवड्याच्या दाण्यावर तपकिरी डाग दिसला, की आपण म्हणतो, "पावसाने भिजलाय, चालेल पेरायला." पण थांबा! या डागामागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

सन १८७५ मध्ये जर्मनीतील बॉन येथे लिंडेमुथ यांना घेवड्याच्या शेंगांवर खोलगट, काळपट चट्टे आढळले. १८७८ मध्ये साकार्दो आणि माग्नुस या शास्त्रज्ञांनी त्या बुरशीला लिंडेमुथ यांचेच नाव दिले. हाच तो करपा. ही बुरशी शेंगेतून दाण्याच्या टरफलात आणि डाळीत शिरून दबा धरून बसते. दाणा उगवला की वर आलेल्या डाळींवर पहिला डाग पडतो. मग पावसाच्या उडत्या थेंबांबरोबर रोग शेतभर पसरतो.

करप्याला दाद न देणारा वाण लावला तर? १९११ मध्ये अमेरिकेत बॅरस यांनी दाखवून दिले, की एका ठिकाणच्या बुरशीपुढे टिकणारा वाण दुसऱ्या ठिकाणच्या बुरशीला बळी पडतो. पुढे तिथे बियाण्याचे पीकच आयडाहोसारख्या कोरड्या, पाटपाण्याच्या मुलखात घेऊ लागले. पाऊस नाही, तर थेंब उडत नाहीत. शेंग निरोगी राहते.

आपला खरिपातला घेवडा मात्र ऐन पावसात वाढतो. म्हणून बी राखायचे ते निरोगी शेतातलेच. डागी शेंग आधीच बाजूला काढा. बीजप्रक्रिया जरूर करा. पण खोल शिरलेली बुरशी तिने पुरती मरत नाही, हे ध्यानात ठेवा.