हास्यवायू आणि दंतोपचारातील भीती : एक ऐतिहासिक अभ्यास
(रत्नागिरी जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
दाढदुखीने रात्र जागून काढणारा माणूस सकाळी दंतवैद्याकडे जाण्यास मात्र धजावत नाही. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून तो दिवस ढकलतो आणि कीड मुळापर्यंत पोहोचते. वेदना आणि भीती हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे वैद्यकाच्या लक्षात येण्यास दीर्घ काळ लागला. प्रस्तुत लेखात नायट्रस ऑक्साइड अर्थात हास्यवायूच्या इतिहासाच्या आधारे हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
वेदना सहन न होणाऱ्या रुग्णास शस्त्रकर्मापूर्वी मद्य द्यावे, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. आधुनिक काळात जोसेफ प्रिस्टले याने १७७२ मध्ये नायट्रस ऑक्साइड वेगळा केला. ब्रिस्टल येथे हम्फ्री डेव्ही याने स्वतःच्या अक्कलदाढेचा ठणका या वायूने कमी झाल्याचे अनुभवले व शस्त्रक्रियेतील त्याच्या उपयोगाची शक्यता १८०० मधील ग्रंथात नोंदविली. मात्र पुढील चार दशके हा वायू मुख्यतः करमणुकीचेच साधन राहिला.

१० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे गार्डनर कोल्टनच्या जाहीर प्रयोगात दंतवैद्य होरेस वेल्स याने वायूच्या अमलाखाली जखमी झालेला, तरीही वेदना न जाणवलेला मनुष्य पाहिला. दुसऱ्याच दिवशी त्याने स्वतःची दाढ वायू हुंगून काढून घेतली. जानेवारी १८४५ मध्ये बोस्टन येथील प्रात्यक्षिकात मात्र रुग्ण ओरडला आणि वेल्सची हेटाळणी झाली. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले ते याच वर्षी. १८४६ मध्ये ईथरला मान्यता मिळाली व हास्यवायू मागे पडला. १८४८ मध्ये वेल्सचा दुःखद अंत झाला. कोल्टनने १८६३ पासून दात काढण्यासाठी हा वायू पुन्हा प्रचारात आणला. १८६८ मध्ये शिकागोच्या एडमंड अँड्र्यूज याने त्यात प्राणवायू मिसळण्याचा मार्ग दाखविला.

भुलीकडून निर्भयतेकडे :
वेल्सच्या काळी रुग्ण बेशुद्ध व्हावा, अशी अपेक्षा होती. विसाव्या शतकात दृष्टी बदलली. आता नाकावरील मुखवट्यातून हा वायू प्राणवायूसह हळूहळू वाढवीत दिला जातो. मिश्रणात किमान ३० टक्के प्राणवायू राखला जातो. रुग्ण शुद्धीवर राहतो, बोलतो, सूचना पाळतो. फक्त धास्ती ओसरते. वेदनेसाठी हिरडीत भुलीचे इंजेक्शन द्यावेच लागते. शेवटी शुद्ध प्राणवायू दिल्यावर काही मिनिटांत अंमल उतरतो. नाक चोंदलेले असल्यास किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत तो टाळला जातो.

रत्नागिरीचा संदर्भ :
मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. दंतवैद्य अधिनियम १९४८ मध्ये आला. त्या काळी रत्नागिरीहून मुंबई गाठण्यास आगबोट वा खडतर रस्ता हेच मार्ग होते. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ती १९९८ मध्ये. आज जिल्ह्यातच खेड येथे योगिता दंत महाविद्यालय आहे. अंतर घटले, तरी खुर्चीची भीती आपोआप घटत नाही. लहानपणी जबरदस्तीने दात काढला गेलेला मुलगा मोठेपणीही उपचार टाळतो.

निष्कर्ष :
बोस्टनच्या सभेने एका ओरडण्यावरून संपूर्ण शोध निकालात काढला. रुग्णाचे ओरडणे वेदनेमुळे की भयामुळे, हा प्रश्न तेथे कोणी विचारला नाही. तो विचारला गेला तेव्हाच हास्यवायूला दंतवैद्यकात योग्य स्थान मिळाले. यंत्र, सिलिंडर व प्रशिक्षण यांचा खर्च लक्षात घेता प्रत्येक गावी ही सोय होणे कठीण आहे. तथापि जिल्ह्यातील मुलांसाठी तरी तिचा विचार व्हावा. दात वाचण्यासाठी रुग्ण वेळेवर यावा लागतो, आणि त्यासाठी त्याची भीती हाही उपचाराचाच विषय मानणे आवश्यक आहे.