माहितीसाठी : दिंडोरीच्या शेतात फ्रान्सचं द्राक्ष, रेड वाइन कशी बनते आणि शेतकऱ्याने काय ध्यानात घ्यावं

परभणी : कापूस-सोयाबीनच्या भावाला कंटाळलेले आपल्याकडचे काही तरुण अधूनमधून विचारतात, "नाशिकसारखी वाइनची द्राक्षं आपण लावली तर?" म्हणून नाशिक जिल्ह्यातील एका रेड वाइनची माहिती इथे देत आहोत. तिचं नाव 'दिंडोरी रिझर्व्ह शिराज'. ती सुला विनयार्ड्स ही कंपनी बनवते.

कंपनी कशी सुरू झाली?
राजीव सामंत हे अमेरिकेत शिकून आले आणि नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात वडिलोपार्जित जमिनीवर शेती करू लागले. 1997 च्या सुमारास त्यांनी वाइनच्या द्राक्षाच्या वेली लावल्या. कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांनी मदत केली. 2000 मध्ये पहिली वाइन बाजारात आली. आई सुलभा यांच्या नावावरून 'सुला' नाव पडलं. पुढे दिंडोरी तालुक्यातही बागा झाल्या. राज्य सरकारने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क झाले.

शिराज म्हणजे काय?
हे काळं द्राक्ष मूळचं फ्रान्सच्या ऱ्होन नदीकाठचं. तिकडे त्याला 'सिरा' म्हणतात. इराणमधल्या शिराज शहरातून ते आलं अशी गोष्ट सांगितली जाते. पण डीएनए तपासणीत त्याचे दोन्ही 'आई-बाप' वाण फ्रान्सचेच निघाले.

आपण खातो ते थॉम्पसन किंवा सोनाका वेगळं. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड आणि आत बिया. मणी फुगवायला जीएची बुडवणी लागत नाही. रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, त्यामुळे बारीक मणीच चांगला.

बाटलीवरचं साल
बाटलीवर छापलेलं साल द्राक्ष तोडणीचं असतं. फ्रान्समध्ये तोडणी साधारण सप्टेंबरात होते. आपल्याकडे एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी. पावसात द्राक्ष पिकू नये म्हणून हा मेळ घातलेला आहे. थंड रात्री मिळाल्या तर आंबटपणा टिकतो. ऊन लवकर तापलं तर साखर झपाट्याने चढते आणि चव बिघडते. अवकाळी पाऊस झाला तर ते साल पडतं.

वाइन कशी बनते?
साखर साधारण 22 ते 24 ब्रिक्स झाली की सकाळी गारव्यात हाताने तोडणी होते. देठ काढून मणी फोडतात. काळ्या द्राक्षाचा रस मुळात जवळपास रंगहीन असतो, म्हणून सालीसकट स्टीलच्या टाकीत आंबवतात. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं. वर तरंगणारी साल रोज रसात कालवतात आणि तापमान मशीनने सांभाळतात. मग साल-बिया गाळून वाइन ओक लाकडाच्या पिंपात काही महिने मुरवतात आणि नंतर बाटलीत भरतात. एक किलो द्राक्षातून साधारण एक बाटली, म्हणजे 750 मिली किंवा थोडी कमी वाइन निघते.

शेतकऱ्यासाठी खरी गोष्ट
थॉम्पसनला व्यापारी मिळतो, नाहीतर बेदाणा करता येतो. शिराजला कारखाना सोडून दुसरं गिऱ्हाईक जवळपास नाही. 2008 च्या जागतिक मंदीनंतर वाइनची मागणी घटली आणि नाशिककडच्या अनेक शेतकऱ्यांनी उभ्या बागा मोडल्या. तार, अँगल, ठिबक, रोपं हा खर्च आधी होतो. पूर्ण पीक यायला मात्र दोन-तीन वर्षं जातात.

म्हणून लावण्याआधी :
- कारखान्याशी लेखी, अनेक वर्षांचा करार हातात घ्या. दर, ब्रिक्स आणि माल नाकारायच्या अटी नीट वाचा.
- कारखाना किती लांब आहे ते पाहा. तोडलेला माल उन्हात थांबत नाही.
- उन्हाळ्यात पाणी पुरेल का, ते विहीर-बोअर बघून ठरवा.
- पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि परभणीचं कृषी विद्यापीठ यांचा सल्ला घ्या.

डिसेंबरात परभणीतही कडाक्याची थंडी पडते, म्हणून वेल इथे येणारच नाही असं नाही. पण वेल येणं आणि माल विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी गिऱ्हाईक पक्कं करा, मगच खड्डे घ्या.

(सूचना : मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे. ही माहिती फक्त शेती आणि प्रक्रिया उद्योगाच्या दृष्टीने दिली आहे.)