स्टोव्हमधली कविता

फिलिपिन्समध्ये, मनिलातल्या सान्तियागो किल्ल्यात २९ डिसेंबर १८९६ रोजी होसे रिझालची आई आणि बहिणी त्याला शेवटचं भेटून गेल्या. पहारेकरी समोरच उभे होते. बहीण त्रिनिदादला त्याने स्पिरिटच्या छोट्या स्टोव्हबद्दल इंग्रजीत, खालच्या आवाजात सांगितलं, आत काहीतरी आहे. पहारेकऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पस्तिशीतल्या या डोळ्यांच्या डॉक्टरला स्पॅनिश सरकारने गोळ्या घातल्या. स्टोव्हमधून निघाला घडी घातलेला एक चिमुकला कागद. बारीक अक्षरात, स्पॅनिशमध्ये, पाच-पाच ओळींची चौदा कडवी. ना शीर्षक, ना तारीख, ना सही.

रिझालचं नाव झालं ते खरं तर दोन कादंबऱ्यांमुळे. ‘नोली मे तांगेरे’च्या दोन हजार प्रती १८८७ साली बर्लिनमध्ये निघाल्या, त्याही माक्सिमो व्हियोला या मित्राच्या उसन्या पैशांवर. दुसरी १८९१ साली बेल्जियममधल्या गेंटमध्ये छापली. दोन्हींत मठवासी पाद्र्यांच्या सत्तेची सालं काढली होती, त्यामुळे बंदी आलीच. बंदी नसती तरी स्पॅनिश वाचणारे फिलिपिनो मूठभरच होते. रिझाल पसरला तो वाचणाऱ्यांपेक्षा त्याला पुढे नेणाऱ्यांमुळे, असं मला वाटतं. आणि नेणाऱ्या प्रत्येकाचं आपापलं काम होतं.

कातिपुनान या गुप्त क्रांतिकारी संघटनेने त्याचं नाव तो जिवंत असतानाच परवलीचा शब्द करून टाकलं होतं. सशस्त्र उठाव त्याला मान्य नव्हता, ही गोष्ट वेगळी. कवितेचा तागालोग भाषेतला अनुवादही कातिपुनानच्या आन्द्रेस बोनिफासियोच्या नावावर सांगितला जातो. मूळ कविता हाँगकाँगला रिझालचा मित्र मारियानो पोन्से याने १८९७ साली छापली आणि तिला ‘अखेरचा विचार’ असं नाव दिलं. ते काही टिकलं नाही. ‘मी उल्तिमो आदिओस’, म्हणजे ‘माझा अखेरचा निरोप’, हे नाव १८९८ साली ‘ला इंदिपेन्देन्सिया’ या वृत्तपत्रातून रूढ झालं, आणि ते दिलं मारियानो दाकानाय या फिलिपिनो पाद्र्याने. आयुष्यभर पाद्र्यांशी भांडलेल्या माणसाच्या कवितेचं बारसं पाद्र्याच्याच हातून व्हावं!

तोवर फिलिपिन्सवरचं स्पेनचं राज्य जाऊन अमेरिकेचं आलं होतं. १९०२ साली हेन्री कूपर या खासदाराने वॉशिंग्टनच्या सभागृहात ही कविता इंग्रजीत वाचून दाखवली. असा माणूस जन्माला घालणारे लोक रानटी कसे, असा त्याचा सवाल. त्या भाषणाने ज्या विधेयकाची बाजू मांडली, त्याने फिलिपिनोंना निवडून दिलेली विधानसभा मिळाली. स्वातंत्र्य नाही, राज्य अमेरिकेचंच राहिलं.

स्वातंत्र्य आलं १९४६ साली. दहा वर्षांनी रिझालचं चरित्र आणि लेखन प्रत्येक शाळा-कॉलेजात शिकवण्याचा कायदा आला, तेव्हा कॅथलिक बिशपांनी कडाडून विरोध केला. शेवटी तडजोड निघाली: धर्माला बाधा येते असं शपथेवर लिहून देणाऱ्या विद्यार्थ्याला काटछाट न केलेली कादंबरी वाचण्यातून सूट मिळेल, विषयातून मात्र नाही.