हवाई अंतर व प्रवासकाल : मुंबई-लंडन

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ व लंडनचा हीथ्रो विमानतळ यांमधील बृहद्‌वृत्तीय अंतर सुमारे ७,२०० किमी. आहे. पृथ्वीगोलावर हाच सर्वांत जवळचा मार्ग असून सपाट नकाशावर मात्र तो उत्तरेकडे वाकलेला दिसतो. हे अंतर स्थिर असले, तरी त्यावरून प्रवासकाल ठरत नाही. मध्य अक्षांशांत उंचावरून पश्चिम-पूर्व वाहणारा जेट प्रवाह मुंबईकडे येणाऱ्या विमानास साहाय्य करतो, तर लंडनकडे जाणाऱ्यास रोखतो. हिवाळ्यात तो अधिक प्रबळ असतो. हवाई हद्दींच्या निर्बंधांमुळेही मार्ग लांबतो. हा मार्ग पाकिस्तानवरून जातो आणि त्या देशाने एप्रिल २०२५ मध्ये आपली हद्द भारतीय विमान कंपन्यांना बंद केली.

जाता-येता वाऱ्याचा परिणाम फिटतो, म्हणून अंतराला सरासरी वेगाने भागणे पुरेसे आहे, असा आक्षेप घेता येईल. तो गणितात टिकत नाही. ताशी ९०० किमी. वेगाच्या विमानाला निवांत हवेत दोन्ही फेऱ्यांस मिळून १६ तास लागतील. ताशी १०० किमी. वारा धरल्यास येताना ७·२ व जाताना ९, असे एकूण १६·२ तास होतात. कारण प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते. धावपट्टीकडे जाणे, उतरण्यासाठी घिरट्या घालणे यांचा वेळ वेगळाच. घड्याळांतील साडेपाच तासांचा फरक (ब्रिटिश उन्हाळ्यात साडेचार) हा प्रवासकाल नव्हे. त्यामुळे दोन विमानतळांमधील अंतर एकच सांगावे. प्रवासकाल मात्र दिशेनुसार स्वतंत्र द्यावा.