उभ्या गाडीतली वीजगळती
१९१२ साली कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला, हँडल मारण्याचे कष्ट गेले आणि गाडी बॅटरीच्या मर्जीवर आली. पूर्वी कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत किल्ली बंद म्हणजे जवळपास सगळेच बंद. त्यामुळे बॅटरीची वायर काढून मध्ये टेस्ट लॅम्प जोडला, तो पेटला की एकेक फ्यूज काढून गळती सापडे. इलेक्ट्रॉनिक गाड्यांनी या रीतीचा पायाच काढून घेतला. अलार्म, इमोबिलायझर यांना सतत प्रवाह लागतोच; साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत तो गैर नाही. कंट्रोल युनिट तर गाडी बंद केल्यावरही काही मिनिटे, कधी अर्धा तास जागे असते. तेवढ्यात मोजणारा निरोगी गाडीलाही दोषी ठरवतो. पण बॅटरी उतरली तर खरा दोष तिच्या म्हातारपणाचाच नाही का? अनेकदा असतो, आणि तो आधी तपासावाच. तरी अर्धा अँपिअर गळती दिवसाला १२ अँपिअर-तास खाते. ४५ अँपिअर-तासांची नवीकोरी बॅटरीही चौथ्या दिवशी आडवी.